आजोबांच्या खिशातली गोळी

ताई, माझे आजोबा ८१ वर्षांचे आहेत, आचऱ्याजवळ गावी आत्यासोबत असतात. तरुणपणी कबड्डीत त्यांचं मोठं नाव होतं, चढाईला गेले की गडी मारल्याशिवाय परत यायचे नाहीत असं अजून लोक सांगतात. दोन वर्षांपासून हार्टचं पंपिंग कमी झालंय. पुढच्या महिन्यात मालवणला रात्रीच्या कबड्डी मॅचेस आहेत. मी रजा टाकलीय, गाडी ठरवलीय, व्हीलचेअर सांगितलीय, आणि आयोजकांशी बोलून स्टेजवर त्यांचा सत्कारसुद्धा ठरवलाय. मॅचचं सांगितलं तेव्हा लहान मुलासारखे खूश झाले होते, आणि सत्काराचं सांगितल्यावर म्हणाले, "माका नको गो, तूच जा." आत्या म्हणते दगदग होईल, नेऊच नको. हल्ली ते फार हट्टी झालेत, कुठे बाहेर जायचं असलं की दुपारची ती लघवीची गोळी घेत नाहीत, पाणीपण पीत नाहीत. आत्याचं ऐकू की थोडी जबरदस्ती करून नेऊ? पुढच्या वर्षी जमेल की नाही माहीत नाही.
– एक नात, ठाणे

अगं बाळा, आत्याचं आपण नंतर बघू. तू शेवटी शेवटी जाता जाता एक वाक्य लिहिलंयस ना, गोळी घेत नाहीत आणि पाणी पीत नाहीत, तुझं सगळं पत्र त्या एका वाक्यात आहे आणि तू ते हट्टीपणाच्या खात्यात टाकून मोकळी झालीस. मला खरंच राग आला तुझा. व्हीलचेअरपासून शाल-श्रीफळापर्यंत सगळ्याचा विचार केलास, आणि तो माणूस तहानलेला का बसतो हे एकदा विचारलं नाहीस.

ते घाबरलेत गं. चार लोकांत कपडे ओले होतील म्हणून घाबरलेत.

त्या गोळीचं काम काय ते बघ. हार्ट नीट पंप करत नाही तेव्हा अंगात पाणी साठतं, पायात उतरतं, छातीत भरतं. गोळी ते पाणी लघवीवाटे बाहेर काढते. घेतल्यावर तासाभरात जोर धरते आणि साधारण पाच-सहा तास माणसाला बाथरूमच्या फेऱ्या मारायला लावते. ८१ वर्षांच्या माणसाला लागली की लागली, थांबता येत नाही, त्यात खुर्चीतून उठायला दोन मिनिटं, काठी शोधायला एक मिनिट. आता त्यांच्या जागी बसून तुझा प्लॅन बघ. दुपारची गोळी घेतलीय, संध्याकाळी सातला स्टेजवर हॅलोजनच्या उजेडात खुर्ची, समोर गावोगावची माणसं, त्यातले निम्मे ह्यांची चढाई बघितलेले, आणि कोण तरी माइकवर अर्धा तास बोलतोय. मधेच उठणार कसे? आणि उठलेच तर जाणार कुठे? मैदानावर बाथरूम कुठे आहे हे तुला तरी माहीत आहे का? मॅच बघायला ते हो म्हणाले होते, स्टेज आलं तेव्हा नको म्हणाले. ह्याहून स्पष्ट अजून काय सांगायचं त्यांनी. ज्याने आयुष्यभर कबड्डी कबड्डी करत एका दमात समोरचा गडी मारून मधली रेषा गाठली, तो माणूस स्वतःच्या नातीला "मला धरवत नाही गं" असं कुठल्या तोंडाने सांगेल?

हे मी एवढं ठासून बोलतेय कारण माझ्या घरात हे झालंय. माझे वडील भाचीच्या लग्नाला एसटीने आले होते, सगळ्यांशी हसून बोलले, जेवायला मात्र आढेवेढे, पाण्याचा पेला तसाच भरलेला. रात्री अडीचला मी उठले तर खिडकीचा गज धरून बसलेले, आडवं होता येईना, तोंडाने श्वास घेत होते, घोटे टम्म सुजलेले, मी बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला. दवाखान्यात न्यायला शर्ट बदलला तेव्हा खिशात एसटीचं तिकीट सापडलं, बारीक घडी घातलेलं, आत दोन पांढऱ्या गोळ्या. फेकल्या नव्हत्या त्यांनी, घरी पोचल्यावर घेणार होते. मीसुद्धा सहा महिने त्यांना हट्टीच म्हणत होते. त्यातून ते वाचले, पण ते तिकीट अजून माझ्या कपाटात आहे.

म्हणून गाडी, खुर्ची, सगळं बाजूला ठेव आणि आधी हे एकच काम कर. येत्या शनिवारी गावी जा, फोनवर नको, आणि आजोबांशी तूच बोल. बाबांना किंवा भावाला पुढे करू नकोस, तुझ्यासमोर त्यांना लाज वाटतेय तर ती तूच काढायची. पडवीत ते एकटे बसलेले असतील, आत्या आत चुलीकडे असेल तेव्हा जवळ बस आणि सरळ म्हण, "आजोबा, गोळीमुळे सारखं जावं लागतं म्हणून घेत नाही ना तुम्ही? माझ्या लक्षात नाही आलं." एवढंच बोल आणि गप्प बस. ते लगेच हो म्हणणार नाहीत, अंगणाकडे बघतील, सुपारी कातरत बसतील, विषय पावसावर नेतील, तरी तू उठू नकोस. डायपरचं नाव पहिल्या दिवशी काढूच नकोस, त्यांनी स्वतः विचारलं तर गोष्ट वेगळी.

सोमवारी त्यांच्या डॉक्टरांकडे जा, सोबत त्यांनाही ने, आणि खरं काय ते सांग, की बाहेर जायचं असलं की गोळी चुकते. डॉक्टरांना हे माहीत नसतं, त्यांना वाटतं पेशंट रोज घेतोय आणि तरी सूज आहे, मग डोस वाढतो. मॅचच्या दिवशी दुपारची गोळी लवकर, म्हणजे एकच्या सुमाराला घेतली तर चालेल का, एवढं विचार. चालली तर सातपर्यंत जोर ओसरलेला असेल. पण वेळ डॉक्टरांनीच बदलायची, तू नाही. पाण्याचंही तसंच, हार्टच्या पेशंटला बऱ्याचदा दिवसाचं पाणी मोजून दिलेलं असतं, ते किती हे विचारून घे आणि तेवढं त्यांनी प्यायलाच हवं. काहीच न पिता गोळी घेतली तर उभं राहताना बीपी पडून चक्कर येईल, आणि त्या वयात पडलं की खुब्याचं हाड जातं.

आत्याला एक काम दे, तिला बरं वाटेल. रोज सकाळी संडास-लघवी झाल्यावर, चहाच्या आधी त्यांचं वजन करून कालनिर्णयवर लिहायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, सूज वर चढली किंवा रात्री झोपल्यावर दम लागून उशा वाढवाव्या लागल्या तर मॅच राहू दे, आधी डॉक्टर. आणि मॅचच्या आठवड्यात सुकट, लोणचं, पापड बंद. कोकणातल्या म्हाताऱ्याला हे सांगणं म्हणजे काय ते मला माहीत आहे, पण मीठ पाणी धरून ठेवतं, तिथे इलाज नाही.

आता मॅच. न्यायचं, शंभर टक्के न्यायचं. वीसेक किलोमीटर अंतर आहे, त्याची काय दगदग. सत्कार मात्र आजच्या आज रद्द कर, आयोजकांना फोन करून सांग की आजोबा फक्त बघायला येतील, माइकवर नावही घेऊ नका. स्टेज नको, पहिली रांगही नको. आदल्या दिवशी मैदानावर जा, बाथरूम कुठे आहे, पायरी किती उंच आहे, आत दिवा लागतो का हे स्वतः आत शिरून बघ, आणि त्याच्या बाजूच्या कडेला त्यांची खुर्ची टाक. मैदानावरचं अगदीच वाईट असेल तर जवळपास कोणाचं तरी घर असेलच, मालवणात ओळख निघत नाही असं होत नाही. औषधाच्या दुकानात पुरुषांचा युरीन पॉट मिळतो, झाकणाचा, तो गाडीत मागच्या सीटवर टॉवेलखाली ठेव आणि ठेवलाय हे त्यांना निघायच्या आधी सांग. वापरायची वेळ येणारही नाही कदाचित, पण आहे हे माहीत असलं की माणूस निवांत बसतो.

रात्रभर थांबायचं नाही, एकच मॅच. पुरुषांच्या मॅचला वीस-वीस मिनिटांचे दोन डाव असतात आणि मधे पाच मिनिटं. ती पाच मिनिटं त्यांची. सगळी माणसं उठतात, चहाला जातात, तेव्हा हेही उठले तर कोणी बघत नाही. तू "चला आजोबा, पाय मोकळे करू" म्हणायचंस, लागली का असं विचारायचं नाही. व्हीलचेअर गाडीत राहू दे, त्यांनी मागितली तर काढ.

आणि मॅच चालू असताना त्यांना बोलतं कर. त्यांच्या वेळी मातीत दम घेऊन खेळायचे, आता मॅट, बूट, चढाईला तीस सेकंदांचं घड्याळ, त्यांना ह्या सगळ्याबद्दल खूप काही बोलायचं असणार आणि घरात ऐकणारं कोणी नाही. कोपऱ्यातला गडी पाय कधी टाकणार हे ते तुला आधी सांगतील बघ. त्यांचा हात तुझ्या हातात असेल तर पकड झाली की तो घट्ट होईल, तेवढं लक्षात ठेव.

रात्री थंडी असते, कानटोपी घे. आणि पिशवीत दोन लुंग्या टाक, एक त्यांना दाखवून, एक न दाखवता.