फोडणी, चिठ्ठी आणि दीड हजार युरो

प्रश्न: ताई, मी सांगलीचा, मास्टर्ससाठी आखेनला आलोय. तीन आठवडे झाले, वेगेमध्ये म्हणजे शेअरिंगच्या फ्लॅटमध्ये राहतोय, आम्ही चौघं आहोत, बाकी तिघं जर्मन. परवा फ्रीजवर चिठ्ठी लावलेली, की प्लीज किचनचं दार बंद करून स्वयंपाक कर आणि या आठवड्याचं बाथरूम तुझ्याकडे आहे. समोर बसून कॉफी पितात, हसून बोलतात आणि चिठ्ठी लावतात, फार अपमान वाटला. ज्याच्या नावावर फ्लॅटचा भाडेकरार आहे तो १५०० युरो डिपॉझिट एकदम कॅश मागतोय. खोलीचं कोल्ड रेंट ३३० आहे. आनमेल्डुंगचा कागद मागितला तर 'नंतर बघू' म्हणतो. घर सोडू का?

उत्तर: अरे, तू फोडणीचं रडगाणं आधी लावलंस आणि खरा घोळ शेवटच्या तीन ओळीत कोंबलास, म्हणून मी उलटीकडून सुरू करते.

जर्मनीत राहायला आल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्ता नोंदवावा लागतो, हे आनमेल्डुंग, आणि त्यासाठी घर देणाऱ्याने सही केलेला कागद लागतो. तू त्याचा पोटभाडेकरू असशील तर तो कागद त्यानेच द्यायचा, कायद्याने द्यावाच लागतो, मेहरबानी नाही. तुझे तर तीन आठवडे झाले! तो टाळतोय म्हणजे बहुतेक मूळ मालकाला न विचारताच खोली दिली असणार (माझा अंदाज हं, पण असं होतं खूप). त्याला आजच मेल टाक, तोंडी नको, दोन दिवसांची मुदत दे, नाही दिला तर सरळ नोंदणी ऑफिसला जाऊन सांग की कागद मिळत नाहीये. हे कळवणं तुझ्यावर बंधनकारक आहे, त्यामुळे 'चुगली कशी करू' वगैरे मनात आणू नकोस. पुढे व्हिसा वाढवायला हीच नोंदणी लागणार आहे.

आता पैसे. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या कोल्ड रेंटएवढंच घेता येतं, म्हणजे हीटिंग-पाणी वगळून जे भाडं ते, तुझं ३३० गुणिले तीन, ९९० झाले, १५०० कुठून आले? आणि ते ९९० सुद्धा तीन हप्त्यांत द्यायचा तुला हक्क आहे, ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला ९९२ सुटतात त्यातून एकदम देऊन खाणार काय तू? कॅश देऊ नकोस, बँकेतून दे, आणि लेखी करार हातात नसेल तर तेही थांबव. अडलास तर युनिव्हर्सिटीच्या आस्टामध्ये म्हणजे स्टुडंट्स कमिटीकडे जा, तिथे सल्ला मिळतो.

राहिली चिठ्ठी. आपल्याकडे राग आला की भांडी आपटतात, तिकडे कागदावर लिहितात, एवढाच फरक आहे बघ. त्यांना तुझ्या जेवणाचा त्रास नाही, काळजी आहे ती कॉरिडॉरमध्ये टांगलेल्या त्यांच्या जाड जॅकेट्सची, मोहरी-हिंगाचा वास त्यात शिरला की आठवडाभर जात नाही आणि ती जॅकेट्स काही रोज धुता येत नाहीत. मी तिकडे राहायचे तेव्हा मलाही अशीच चिठ्ठी आलेली, मी दोन दिवस तोंड फुगवून बसले होते, कुणाला पत्ताच नव्हता मी रागावलेय! दार लाव, खिडकी पूर्ण उघड, थंडीतसुद्धा, दहा मिनिटं (नुसती फट ठेवून भागत नाही, उलट भिंतीला बुरशी धरते), आणि हिंगाची डबी दुसऱ्या डब्यात घालून ठेव. बाथरूमबद्दल मी तुझ्या बाजूने काहीच बोलणार नाही, पाळी तुझी होती, घास.

आणि काचेच्या बाटल्या रविवारी कंटेनरमध्ये टाकू नकोस, आवाजावरून शेजारी ओरडतात.

घर आत्ता सोडू नको, कागद मिळाला की राहा, नाही मिळाला तर शोधायला लाग. फक्त शोधताना 'मी परदेशात आहे, पैसे पाठवा, चावी कुरिअरने येईल' असं कुणी म्हणालं की तिथेच बंद कर.

प्रश्न: मुलगी ऑक्टोबरपासून जर्मनीला जातेय. तिने घेतलेल्या फ्लॅटमध्ये दोन मुलगेपण आहेत म्हणे. रात्रीची झोप उडालीय. — एक आई, नाशिक

उत्तर: अहो ताई, तिकडे हे अगदी कॉमन आहे, प्रत्येकाची खोली वेगळी, शेअर होतं ते किचन-बाथरूम. खोलीला आतून कुलूप आहे का एवढं तिला व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांगा. तरी मन मानत नसेल तर फक्त मुलींच्याही वेगे असतात, जाहिरातीत तसं लिहिलेलं असतं, पण शोधायचं तर तिलाच शोधू दे. बॅगेत कुकर देणारच असाल तर पहिल्या शिट्टीआधी त्या मुलांना सांगून ठेवायला सांगा, आमच्या वेगेतला एक जण शिट्टी ऐकून पळत जिन्यात गेला होता.