साखर आणि कार्ब्स कमी करताना रोजचं खाणं लिहून ठेवायचा खरंच उपयोग होतो का? कोणतं अ‍ॅप चांगलं?

होतो, पण लगेच लिहिलं तर. रात्री अंथरुणात पडून आठवत लिहिणार असाल तर नका लिहू. रात्री आठवतं ते जेवण. मधलं काही आठवत नाही, आणि साखर सगळी मधल्यातच असते.

माझं कोल्हापुरात किराणा दुकान आहे. उधारी कशी लिहितात ते कुठल्याही दुकानदाराला विचारा. गिऱ्हाईक पायरी उतरायच्या आत अर्धा किलो तूरडाळ वहीत चढली नाही, तर ती डाळ गेली समजायची. खाण्याचंही तसंच.

हे एवढं ठासून सांगतोय त्याला कारण आमचे दाजी. थोरल्या बहिणीचे यजमान, पुण्यात मोठ्या पगारावर, मानाचे, त्यामुळं तोंडावर काही बोलता येत नाही. माझा एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६.३ आला. म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर, ६.५ ला आत. डॉक्टर म्हणाले, गोळी नको, आधी साखर-कार्ब्स आवरा, तीन महिन्यांनी परत तपासू. दाजी सुट्टीला आले होते. माझ्या ताटाकडं बघून म्हणाले, "पहिला तो भात बंद करा. भात सुटला की सगळं सुटतं." ताटात आजऱ्याचा घनसाळ, वासाचा तांदूळ होता हो! तो शिजत असला की गल्लीला कळतं. एवढं बोलून थांबले नाहीत, माझा मोबाईल घेऊन त्यांचं अ‍ॅप त्यात टाकून दिलं.

अ‍ॅपमध्ये काय, तर 'पोहे, एक वाटी'. कुणाची वाटी? आमच्या घरात आमटीची वाटी वेगळी, पातळ भाजीची वेगळी, आणि रस्सा असेल त्या दिवशी वाडगाच येतो. घरच्या वाट्या दुकानात नेऊन काट्यावर भात मोजला. एकीत मावला त्याच्या दीडपट दुसरीत मावला. असल्या हिशेबावर मी तेल-डाळ विकली असती तर दुकान कधीच बसलं असतं. अ‍ॅप काढून टाकलं आणि उधारीच्या वहीच्या मागच्या बाजूनं लिहायला सुरुवात केली. वेळ, पदार्थ, कुठल्या भांड्यानं किती, आणि शेवटचा रकाना 'कुणामुळं'. हा शेवटचा रकाना कुठल्या डाएटवाल्यानं सांगितलेला नाही, पण कामाला तोच आला.

कारण पंधरवड्यात दिसलं ते असं. भात दुपारी एकदाच, तोही मापात. चहा मात्र पानभर. तेलाचा एजंट आला, चहा. बिस्किटवाला सेल्समन आला, चहा. शेजारचा मेडिकलवाला कंटाळला, चहा. टपरीचा हाफ चहा, त्यात भरून दोन चमचे साखर, म्हणजे आठ-दहा ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. माझी ती तीन माणसांत संपत होती, जेवणाला बसायच्या आधी.

दुसरा गूळ. नवा माल उतरला की गुळाच्या रव्याचा, म्हणजे ढेपेचा, कोपरा फोडून खडा तोंडात टाकायचा, धंद्याचाच भाग आहे तो. 'डायबेटिसला गूळ चालतो' म्हणून रोज कुणीतरी माझ्याकडून घेऊन जातं. मीच गूळ विकतो, तरी सांगतो, चालत नाही. सेंद्रिय असला, काळा असला, तरी रक्तात गेल्यावर साखरच. शुगर फ्री बिस्किटांचंही तेच. पुडा उलटा करून घटक वाचा. जे सगळ्यात जास्त ते पहिलं छापतात, आणि बहुतेक पुड्यांवर पहिला मैदा असतो.

तिसरा उपवास. दर गुरुवारी साबुदाण्याची खिचडी, वर बटाटा. कोरड्या १०० ग्रॅम साबुदाण्यात कार्ब्स ८५ ग्रॅमच्या वर, तांदळात ७८च्या आसपास, आणि साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. एकादशी अन् दुप्पट खाशी, दुसरं काय! भाताला शिव्या घालणारे दाजी चतुर्थीला साबुदाणा वडे हाणतात. मी विषय काढला तर म्हणे, ते उपवासाचं असतं.

मग काय, टपरीवाल्याला सांगितलं, माझा चहा बिनसाखरेचा. सुरुवातीला औषध प्यायल्यासारखं तोंड व्हायचं, आता गोड चहा घशाखाली उतरत नाही. गुरुवारी ताक, काकडी, मूठभर भाजलेले शेंगदाणे. बिस्किटं बंद. भात ठेवला, फक्त वाटी ठरवून टाकली, आणि आधी उसळ-भाजी खाऊन मग भात. तीन महिन्यांनी ५.८ आला. दाजींना रिपोर्टचा फोटो पाठवला. उत्तर आलं, "भात सोडला असता तर ५.५ आला असता." बहिणीकडं बघून गप्प बसलो.

आता हे वाचून भाताला क्लीन चिट दिली असं समजू नका. दोन्ही वेळेला ताटभर खात असाल तर तुमच्या वहीत चोर भातच निघेल, भाकरी चार खात असाल तर भाकरी निघेल. ज्वारी म्हणजे फुकट असं काही नसतं. घरात ग्लुकोमीटर असेल तर जेवायला बसल्यापासून दोन तासांनी बोट टोचून आकडा त्याच ओळीत लिहा, वाद मिटतो. आमचा नाही मिटला, तो भाग वेगळा.

आणि हे आधी सांगायला हवं होतं. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर माझं ऐकून एकदम कार्ब्स तोडू नका. साखर खाली जाऊन चक्कर येते, घाम फुटतो, माणूस कोसळतो. डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या, मग वही उघडा. ज्यांना प्रत्येक घासाला अपराधी वाटतं त्यांनीही या फंदात पडू नये, लिहून लिहून जेवण विटतं.

किती दिवस लिहायचं? मी आता रोज लिहीत नाही. सणासुदीला आणि लग्नसराईत लिहितो. अ‍ॅप हवंच असेल तर ग्रॅममध्ये लिहिता येईल असं बघा आणि सोबत एक छोटा काटा घ्या. वाटीवालं कुठलंही नको.