तीनशेची यादी आणि एक फोन

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी लिहिते: ‘इंग्रजी वाचलेलं कळतं, व्याकरणही बरं आहे. तीनशे फ्रेजल व्हर्ब्ज, म्हणजे ‘ऑफ’, ‘अप’सारखा छोटा शब्द जोडला की वेगळाच अर्थ देणारी क्रियापदं, अर्थासकट पाठ केली आहेत. तरी मुलाखतीच्या सरावात मॅडम म्हणाल्या, “वी हॅव टू पुट ऑफ युअर सेकंड राउंड,” आणि मला वाटलं, मी बाद झाले. मी थँक यू म्हणून उठलेच. आता कोणतं पुस्तक घेऊ?’

पुस्तक घेऊ नकोस. तुझी मेहनत कमी पडलेली नाही. फेरी फक्त पुढे ढकलली होती, आणि हा अर्थ तुला पाठही होता. पण यादीत ‘पुट ऑफ’च्या वर ‘पुट ऑन’, खाली ‘पुट आउट’ आणि ‘पुट अप विथ’. सारख्या तोंडवळ्याची चार माणसं एकाच दिवशी भेटली तर नावं उलटसुलट होतातच.

जरा मराठीकडे बघ. फोन लागला, भूक लागली, ठेच लागली, डोळा लागला, नोकरी लागली. ‘लागणे’च्या अर्थांची यादी तू कधी केलीस? प्रत्येक लागणं त्या त्या प्रसंगासकट कानावर पडत गेलं आणि तिथेच मुरलं. ‘खाऊन टाक’ म्हटल्यावर कुणी ताट फेकून देत नाही. काम संपवायचं आहे एवढं त्या ‘टाक’मधून कळतं. इंग्रजीत ‘ईट अप’, ‘यूज अप’ यांतला ‘अप’ तेच काम करतो. मला ही जोडी फार आवडते, कारण जे अवघड म्हणून तू घाबरतेस, ते तुझ्या जिभेवर लहानपणापासून आहे.

तेव्हा क्रियापदांची वर्गवारी सोड आणि प्रसंग धर. नुसता फोनच घे. फोन लागत नाही: ‘आय कान्ट गेट थ्रू.’ जरा थांबा: ‘होल्ड ऑन.’ आवाज तुटतोय: ‘यू आर ब्रेकिंग अप.’ मध्येच कट झाला: ‘वी गॉट कट ऑफ.’ मी परत करते: ‘आय विल कॉल यू बॅक.’ पाच वाक्यं, एकच गोष्ट. मैत्रिणीबरोबर हा फोन खराखुरा लाव, रेकॉर्ड कर, दुसऱ्या दिवशी भूमिका बदला. आठवडाभर हाच एक प्रसंग पुरे. पुढच्या आठवड्यात मीटिंगची वेळ ठरवणं घ्या: ‘सेट अप’, ‘पुट ऑफ’, ‘कॉल ऑफ’. पुढे ढकलणं आणि रद्द करणं यांतला फरक तिथे आपोआप पक्का होईल.

व्याकरणाचा एकच नियम सांगते, कारण तिथे चांगली चांगली मुलं अडखळतात. ऑफर नाकारली: ‘आय टर्न्ड डाउन द ऑफर’ आणि ‘आय टर्न्ड द ऑफर डाउन’ दोन्ही बरोबर. पण ऑफरऐवजी ‘इट’ आलं की ते मध्येच बसतं: ‘आय टर्न्ड इट डाउन.’ ‘लुक आफ्टर’ (काळजी घेणं) सारखी काही मात्र फुटत नाहीत; तिथे ‘लुक आफ्टर हर’च. नवीन फ्रेज वहीत लिहिताना ‘इट’ किंवा ‘हर’ घालून अख्खं वाक्य लिही, म्हणजे हे वेगळं लक्षात ठेवावं लागणार नाही.

आणि मुलाखतीत ही क्रियापदं मुद्दाम पेरू नकोस. तुझ्या तोंडी ‘पोस्टपोन’ आणि ‘कॅन्सल’ अगदी शोभतात, ईमेलमध्ये तर जास्तच. समोरच्याचं बोलणं कळणं ही आत्ताची गरज आहे. बोलण्यात ती हळूहळू येतील, घाई नाही.

पुढच्या सरावात पुन्हा असं काही कानावर आलं तर लगेच उठू नकोस. बसल्या जागी शांतपणे विचार: ‘सॉरी, डू यू मीन इट इज पोस्टपोन्ड?’ असं विचारल्याने कुणाचे गुण कमी झालेले मी पाहिलेले नाहीत. मॅडमना आजच फोन कर आणि दुसऱ्या फेरीची तारीख विचारून घे.