टेलचं पाणी, फड आणि बोअर: खान्देशातल्या वाचकांचे प्रश्न

आमचं शेत गिरणेच्या पाटावर, पण अगदी टेलला, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाला. धरण भरलं की पेपरात फोटो येतात. आमच्या चारीत, म्हणजे पाटाच्या छोट्या फाट्यात, मात्र आवर्तन (पाणी सोडण्याची पाळी) संपता संपता घोटाभर पाणी येतं. काय करावं? (भडगाव तालुका)

गिरणा धरण नाशिक जिल्ह्यात, नांदगाव तालुक्यातल्या पांझणला आहे. ते 1969 साली पूर्ण झालं. उपयुक्त साठा साडेअठरा टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास. वर चणकापूर, हरणबारी भरल्यावर गिरणेची पाळी येते. भरल्यावरही आधी पिण्याचं पाणी बाजूला काढतात आणि मग शेतीचं ठरतं. त्यात धरणातून सुटलेलं पाणी जामद्याच्या बंधाऱ्यापर्यंत नदीपात्रातूनच जातं, तेव्हा पात्रही आपला वाटा पिऊन घेतं. त्यामुळे ‘धरण शंभर टक्के’ म्हणजे ‘चारी शंभर टक्के’ नव्हे.

तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे नमुना 7 चा, म्हणजे पाणीमागणीचा, अर्ज मुदतीत भरणं. टेलचे शेतकरी ‘पाणी येतच नाही, अर्ज कशाला’ म्हणून तो भरत नाहीत. मग कागदावर टेलची मागणीच शून्य दिसते आणि शाखा अभियंत्याला आयतं उत्तर मिळतं. दुसरी म्हणजे शेतकऱ्यांची पाणी वापर संस्था. 2005 च्या कायद्याप्रमाणे संस्थेला पाणी मोजून, घनमीटरमध्ये मिळायला हवं. संस्था कागदावरच असेल तर आधी चारीच्या मुखाशी मोजमापाचं साधन चालू आहे का ते पाहा आणि वाटप टेलकडून हेडकडे, म्हणजे शेवटाकडून मुखाकडे, करण्याचा ठराव घ्या. हेडवाले कुरकुर करतील, त्यांना करू द्या.

आजोबा फडाच्या, म्हणजे बंधाऱ्यावरच्या सामाईक सिंचनाच्या, गोष्टी सांगायचे. पांझरेवरचा आमचा बंधारा अजून उभा आहे, पाट मात्र बुजलाय. फड पुन्हा सुरू होऊ शकतो का? (साक्री तालुका)

या पत्राला जरा सविस्तर उत्तर देतो, कारण फडाबद्दल भाबडं कौतुक फार होतं आणि तो चालायचा कसा हे कमी सांगितलं जातं.

पांझरा, मोसम या नद्यांवरचे फड काही शतकं चालत आले. दगडी बंधाऱ्याने पाणी अडवायचं, पाटाने उताराउताराने आणायचं, आणि भिजणाऱ्या शिवाराचे मोठे तुकडे, म्हणजे फड, पाडायचे. एका फडात एकच पीक. ऊस एकात, गहू दुसऱ्यात, पुढच्या वर्षी फेरपालट. उरलेलं पाणी सांडमातून, म्हणजे जादा पाण्याच्या वाटेने, परत नदीला. पाणी पाजायला पाटकरी, राखायला जागल्या, आणि त्यांचा मोबदला गाव देणार. पाटकरी ज्याच्या त्याच्या सांगण्यावरून नव्हे, तर ठरलेल्या क्रमाने फड भिजवायचा.

मला यातली सर्वात शहाणी गोष्ट वाटते ती जमिनीच्या वाटणीची. बहुतेक खातेदारांचा तुकडा प्रत्येक फडात असायचा. नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी एखाद-दोन फडच भिजवायचे, बाकीचे कोरडे ठेवायचे. म्हणजे दुष्काळ आला तर सगळ्यांना थोडा थोडा. आजच्या कालव्यावर तो टेलवाल्याच्या एकट्याच्या वाट्याला येतो, वरचं भडगावचं पत्र वाचा.

आता तुमच्या गावात काय होईल? वर लाटीपाडा, मालनगावसारखी धरणं झाली, काठावर मोटारी बसल्या, वाळू गेली. नदीचा बारमाही झरा उरलेला नाही, त्यामुळे जुना उसाचा फड विसरा. शिवाय वाटण्यांनी जमिनी इतक्या तुटल्या आहेत की शंभर जणांना एक पीक घ्यायला लावणं अवघड. पण पाट उकरून पावसाळी पाणी शिवारात फिरवलं, तर विहिरी भरतात. त्या विहिरींवर रब्बीचं पीक ठिबकने काढा. बंधाऱ्याची दुरुस्ती सरकारी निधीतून होईलही. पाटकरी कोण आणि त्याला पैसे कोण देणार, हे मात्र खर्च करण्याआधी ग्रामसभेत ठरवा.

विहीर आटली. बोअर 400 फूट घ्यावा का? की शिरपूर पॅटर्न करावा, की जामफळच्या उपसा योजनेच्या पाण्याची वाट पाहावी? (शिंदखेडा तालुका)

तुमच्याकडे काळा पाषाण. त्यात पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये. खोल जाल तशा भेगा साधारणपणे कमी होतात, म्हणून 400 फुटांचा बोअर हा जुगारच. धुळे-नंदुरबारकडे जमिनीत दगडाच्या उभ्या भिंती, डाईक, पुष्कळ आहेत. अखंड डाईक पाणी अडवतो, तर भेगाळलेला पाणी वाहून नेतो. त्यामुळे शेजाऱ्याला पाणी लागलं म्हणून तुम्हाला लागेलच असं नाही. भूजल सर्वेक्षणवाल्यांना दाखवा, नारळ फिरवणाऱ्याला नको.

शिरपूर पॅटर्नही विचारला आहे. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी तिथे नाले रुंद-खोल करून, पाणी न मुरू देणारा थर काढून, ओळीने बिनदाराचे बंधारे बांधले. तापीकाठच्या गाळाच्या जमिनीत त्याचा मोठा गुण आला. तुमच्या खडकात तेच माप चालणार नाही, मुरमाचा थर पाहून खोली ठरवा.

सुलवाडे-जामफळ-कनोली योजनेचं भूमिपूजन 2019 साली झालं. तापीचं पाणी उपसून आणायचं, म्हणजे वीजबिल आलंच. ते पाणी मोकाट भरण्यासाठी, म्हणजे शेतात मोकळं सोडून भिजवण्यासाठी, परवडणार नाही, एवढं आजच धरून चला.

केळीला ठिबक किती तास चालवावं? (रावेर)

तासांवर नव्हे, लिटरवर या. दीड बाय दीड मीटरवर एकरी सुमारे 1,800 झाडं बसतात. उन्हाळ्यात, निसवणीच्या (घड बाहेर पडण्याच्या) सुमारास झाडाला रोज 16 लिटर धरलं तर एकराला 28,800 लिटर लागतात. झाडाला तासाला 4 लिटरचे दोन ड्रिपर असतील तर दोन तास पुरे. चार-चार तास चालवणाऱ्यांचं निम्मं पाणी मुळांच्या खाली जातं, खतासकट. सातपुड्याच्या पायथ्याचा दगडगोट्यांचा पट्टा पाणी भराभर मुरवतो खरा, पण उपसा त्याहून जोरात आहे, म्हणून यावल-रावेरच्या विहिरी खोल जातायत.

30 × 30 × 3 मीटरच्या शेततळ्यावर किती एकर भिजेल? (पारोळा)

एकास एक उतार धरला तर त्यात 21 लाख 96 हजार लिटर मावतं. पाच सेंटिमीटरच्या एका पाण्याला एकरी दोन लाख लिटर, म्हणजे अकराएक पाण्या. दोन एकर हरभऱ्याला ते भरपूर. मात्र अस्तर नसेल तर झिरपा, आणि उन्हाळ्यात दिवसाला आठ-दहा मिलिमीटर वाफ. तेव्हा तळं मे महिन्यासाठी राखून ठेवू नका, रब्बीतच रिकामं करा.

ठिबकचं अनुदान किती? (चोपडा)

अल्पभूधारकांना राज्याच्या पूरक अनुदानासह 80 टक्के, इतरांना 75. टक्केवारी सरकारने ठरवलेल्या मापदंडावर मोजतात, दुकानदाराच्या बिलावर नाही. अर्ज सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर करा, आणि पूर्वसंमती हातात येईपर्यंत संच विकत घेऊ नका.