‘क्लेचा माझा अभ्यास आहे ताई, एकदाच लावू का?’

भांडुपच्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३१, लग्नाला तीन वर्षं. टेनिसवर सट्टा लावून दोन लाख चाळीस हजार गेलेत, त्यात बायकोच्या पाटल्या तिला न सांगता गोल्ड लोनला ठेवल्यात. आता फ्रेंच ओपन येतेय, ती क्लेवर म्हणजे लाल मातीवर असते आणि त्याचा माझा अभ्यास आहे, तेवढी एकदाच खेळतो, पाटल्या सोडवतो, गणपतीत ती घालायला काढेल त्याआधी कपाटात परत, आणि मग कायमचं बंद. तिला सांगायची गरज आहे का, असं विचारलंयस.

हो, सांगायचं. आणि फ्रेंच ओपनवर एक रुपया लावायचा नाही.

तुझा अभ्यास खोटा आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. लाल मातीवर बॉल हळू येतो, उंच उसळतो, मोठ्या सर्व्हिसवाल्याची धार जाते, हे तू छान लिहिलंयस. पण हे भाव काढणाऱ्या बुकीलाही माहितीये ना रे! नदालने तिथे १४ वेळा ट्रॉफी घेतली, तो जिंकणार हे सगळ्या जगाला ठाऊक होतं म्हणूनच त्याच्यावर भाव मिळायचा नाही, आणि २००९ मध्ये चौथ्या फेरीत सॉडरलिंगने त्याला हरवलं तेव्हा असा थोड्यासाठी जास्त लावणारा पार धुतला गेला असणार. शिवाय दोघं बरोबरीचे असले की दोन्हीकडे १.९० भाव देतात, म्हणजे हजार लावून जिंकलास तर सगळे मिळून १९०० परत. दोघांवर हजार-हजार लावून बघ, दोन हजार गेले आणि कोणीही जिंको, हातात १९०० येणार. ते शंभर कोणाच्या खिशात जातात ते तुला कळतंय, तुझा अभ्यास कितीही असू दे, आधी ते शंभर भरून काढायचे आणि मग पुढचं.

२०२५ च्या फायनलचं तू स्वतःच लिहिलंयस. सिनर दोन सेट एकने पुढे, चौथ्यात ५-३, अल्काराझची सर्व्हिस ०-४०, तीन चॅम्पियनशिप पॉइंट, म्हणजे त्यातला एक मिळाला की ट्रॉफी सिनरची, आणि तू अडीच-तीन हजार मिळतील म्हणून ऐंशी हजार लावलेस. अल्काराझने तिन्ही वाचवले आणि पाच तास एकोणतीस मिनिटांनी तोच जिंकला. तिथे अभ्यास कुठे चुकला सांग? चुकलाच नाही. टेनिस तसंच आहे, शेवटचा पॉइंट होईपर्यंत काहीही होतं. आणि रात्रीची मॅच आपल्याकडे पावणेबाराला सुरू होते, बायको झोपलेली, तू बाहेरच्या खोलीत आवाज बंद करून मोबाईल घेऊन, हरलेलं भरून काढायला पुढच्या गेमवर लावतोयस. त्या वेळी कोण अभ्यास करतं रे.

अजून एक, सट्ट्याचं ते ॲप बंद झालं म्हणून आता व्हॉट्सॲपवर एका बुकीकडून सट्ट्याचा आयडी घेतलायस आणि पैसे दरवेळी वेगळ्याच माणसाच्या यूपीआयवर टाकतोयस, याची मला जास्त भीती वाटतेय. ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने पैशाचे ऑनलाइन खेळ चालवणं हा देशभर गुन्हा ठरवलाय. उद्या जिंकलास आणि त्याने दिले नाहीत तर तक्रार कोणाकडे करणार? आणि त्या खात्यांपैकी एखादं फ्रॉडच्या केसमध्ये निघालं तर तुझं पगाराचं खातंही फ्रीज होऊ शकतं.

आता बायकोचं. येत्या रविवारी सांग, आई देवळात किंवा मावशीकडे गेल्या असतील तेव्हा, दोघंच असताना. गोल्ड लोनची पावती आणि बँकेचं स्टेटमेंट समोर ठेव, आकडा पूर्ण सांग, अर्धा आत्ता आणि अर्धा नंतर असं करू नकोस, दुसऱ्यांदा कळलं तर ती पहिल्यावरही विश्वास ठेवणार नाही. ती रडेल, चिडेल, कदाचित माहेरी जाईल चार दिवस, जाऊ दे. पाटल्या तिच्या आहेत, तिला राग यायचा हक्क आहे. तेव्हा ‘तुझ्यासाठीच करत होतो’ हे वाक्य तोंडातून काढू नकोस प्लीज.

पाटल्या पगारातूनच सोडवायच्या. व्याज थकवू नकोस, थकलं की नोटीस देऊन लिलाव करतात. गणपतीपर्यंत नाही सुटल्या तर नाही, तिला माहीत असलं की लपवायचं काही उरत नाही. आयडी आज डिलीट कर, तो नंबर ब्लॉक कर, आणि काही महिने पगाराचं खातं तिला बघू दे.

रात्री हात शिवशिवले तर १४४१६ ला फोन लाव, टेली-मानस, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलला मानसोपचाराची ओपीडी आहे, एकदा जाऊन ये, शक्यतो तिला घेऊन. मॅच बघायच्या असतील तर यंदा राहू दे, हायलाइट्सही नको. रविवारी बोलणं झालं की मला लिही, ती काय म्हणाली ते.