चित्रातले पांढरे घर आणि मातीची खोपटी

प्रश्न : आयर्लंडमधील जुन्या खेड्यांच्या चित्रांत गवताने शाकारलेली, चुन्याने रंगवलेली, आडव्या दुभागलेल्या दाराची टुमदार घरे दिसतात. तेथील गरीब कुटुंबे खरोखरच अशा घरांत राहत होती का?

उत्तर : काही कुटुंबे राहत होती, पण सर्वांत गरीब माणसांची घरे त्या चित्रांत नाहीत, कारण ती टिकलीच नाहीत. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडमधील घरांचे चार वर्ग पाडले गेले आणि सर्वांत खालच्या वर्गात, म्हणजे एका खोलीच्या मातीच्या खोपटांत, सुमारे ४ लाख ९१ हजार घरे मोडली. दहा वर्षांनी हा आकडा सुमारे १ लाख ३५ हजारांवर आला. ही सुधारणा नव्हती. मधल्या काळात बटाट्याच्या पिकावर रोग पडून महादुष्काळ ओढवला, त्यात सुमारे दहा लाख माणसे मेली, त्याहून अधिक परदेशी गेली, आणि खंड थकलेल्या कुळांना हुसकावताना त्यांची घरेही पाडली गेली. मातीच्या भिंती मातीत मिसळल्या.

अशा अनेक खोपटांना धुराडे नसे. धूर दारातून किंवा छपराच्या भोकातून वाट काढी. जमीन मातीची, अंथरूण पेंढ्याचे, आणि डुक्कर असलेच तर तेही रात्री आत, कारण त्याच्या विक्रीतून खंड भरायचा असे. बाहेरचे लोक याला अस्वच्छता म्हणत. परंतु ज्या कुळाला जमिनीवर राहण्याची शाश्वती नव्हती आणि घर नीट केले तर खंड वाढण्याची भीती होती, त्याने घरावर कष्ट का घालावेत, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

चित्रांत दिसणारे घर थोडी जमीन कसणाऱ्या शेतकऱ्याचे. लांब लाकूड दुर्मीळ असल्याने छपराचा गाळा अरुंद ठेवावा लागे, म्हणून खोल्या एकीच्या मागे दुसरी अशा नव्हे, तर शेजारी शेजारी एका ओळीत असत. पश्चिम किनाऱ्यावर वाऱ्याने छप्पर उडू नये म्हणून त्यावर दोर टाकून त्यांना दगड बांधत. दाराचा खालचा भाग लावून वरचा उघडा ठेवला की उजेड आत येई आणि कोंबड्या बाहेर राहत. घराचा प्राण मात्र चुलीत होता : दलदलीतून कापून वाळवलेल्या पीटचा, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या जळाऊ मातीचा, विस्तव रात्री राखेखाली पुरून ठेवत आणि सकाळी त्याच निखाऱ्यांवर पुन्हा फुलवत. ओलीवर तोच काय तो उपाय.

१८८३ च्या मजूर कायद्यानंतर सरकारी कर्जातून शेतमजुरांसाठी पक्की घरे बांधली जाऊ लागली. ग्रामीण विद्युतीकरण मात्र १९४६ मध्ये सुरू झाले.

क्लेअर परगण्यातील बनराटी येथे जुनी घरे पुन्हा उभारली आहेत. तेथे भूमिहीन मजुराचे एका खोलीचे ‘बोथान स्कोर’ही आहे, कधी गेलात तर आधी ते पाहावे.