भावाला डिप्रेशनची गोळी चालू आहे, मग डॉक्टरांनी दारूबद्दल दहा प्रश्न का विचारले?

विचारले ते योग्यच झालं, आणि त्यात तुमच्या भावावर संशय अजिबात नाही. मी मुंबईतल्या एका पालिका रुग्णालयात मानसोपचार ओपीडीत समुपदेशक आहे. नैराश्य असो, बायपोलर असो की स्किझोफ्रेनिया, आम्ही हे प्रश्न सगळ्यांनाच विचारतो. ते बहुधा जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘ऑडिट’ प्रश्नावलीतले असतील: १० प्रश्न, ० ते ४० गुण, ८ किंवा जास्त आले तर पिणं धोक्याकडे झुकलंय असं समजून पुढे बोलतात. दारूने झोप बिघडते, उदासी आणि आत्महत्येचा धोका वाढतो, झोपेच्या गोळ्यांसोबत तर श्वास मंदावून जिवावर बेतू शकतं. पिणं लपलं की गोळी लागू पडत नाही असं वाटून डोस वाढत जातो. म्हणून माप खरं सांगायला लावा. “फक्त एक क्वार्टर” असं घरोघरी ऐकू येतं, पण १८० मिली व्हिस्की म्हणजे १० ग्रॅम अल्कोहोलचं एक ड्रिंक धरलं तर जवळपास ६ ड्रिंक! मात्र हे गुण म्हणजे निदान नव्हे. दारूमुळेच आलेली उदासी पिणं थांबल्यावर काही आठवड्यांत बरीच ओसरते, त्यामुळे नेमका आजार कोणता हे कधीकधी नंतरच कळतं. भाऊ रोज भरपूर पीत असेल तर घाबरून एका दिवसात बंद करायला लावू नका, फिट येऊ शकते. आधी डॉक्टरांशी बोला.